ट्यांव-ट्यांव चॅनलची महाराणी

माझी नात फोन हातात धरून तास तास बसते आणि खेळत नाही. खेळतं दुसरंच कोणी, कुठल्या तरी लांबच्या शहरात, आणि ही नुसती बघते. मध्येच ओरडते, मध्येच कपाळावर हात मारून घेते. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, मला म्हणते की आई, जरा समजाव हिला, दुसऱ्याचा खेळ बघून कोणाचं पोट भरतं का. मी चष्मा पुसायला घेते. काय समजावणार? आमच्या आख्ख्या ढाणकी गावाला हाच नाद एका उन्हाळ्यात मी लावला होता, तोही फोन नसताना. मुलीला हे मी कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिची आई लहानपणापासून अशीच शहाणी होती. वाटू दे.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबांची शेती कापसाची आणि तुरीची, त्यामुळे घरात माणसांपेक्षा पिकाचा मान मोठा. दिवाळीनंतर मधल्या खोलीत कापूस भरला जायचा तो आढ्यापर्यंत, आणि मग होळीपर्यंत त्या खोलीत आमची फक्त उडी मारण्यापुरती वहिवाट. कापूस विकला गेला की खोली एकदम मोठी दिसायची, बोललं की आवाज घुमायचा, आणि खरबरीत भिंतीला पांढरे पुंजके चिकटून राहायचे ते दसऱ्यापर्यंत. त्या वर्षी खोली रिकामी झाली आणि बबनकाकानं ती मागून घेतली. बबनकाका बाबांचा धाकटा भाऊ. शेतात त्याचा जीव रमत नव्हता, तारेत रमायचा. रेडिओ उघडून बसणारा माणूस तो. त्यानं गच्चीवर छत्री बसवली, खाली खोलीत लाकडी फळीवर लोखंडी खोकी मांडली आणि खांबाखांबावरून काळी वायर नेत गावाला केबल दिली. एका खोक्यातून एक चॅनल जायचं, असा सगळा सरळ हिशोब. दुपारभर खोलीतून पंख्यांची घूं घूं यायची, पलीकडून पिठाच्या गिरणीची ठकठक, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, की बबनभाऊजी, जेवायले येता की तुमची भाकर बी वायरनं पाठवू.

तर एक खोकं रिकामं होतं. ते चालतं का हे बघायला काकानं नांदेडहून आणलेला व्हिडिओ गेम त्याला जोडला. खेळ साधाच होता. दोन पहिलवान, एक लाल चड्डीवाला, एक निळ्या चड्डीवाला. एका बटनानं ठोसा, दुसऱ्यानं उडी, तिसऱ्यानं आडवी लाथ. समोरच्यानं जमिनीलगत लाथ फिरवली की उडी मारायची, नाही मारली की आडवे. ठोशाला ‘ट्यांव’ वाजायचं आणि पडलं की लांबलचक ‘ट्यांऽऽव’. काका जेवण झाल्यावर एकटाच खेळत बसला आणि वायर काढायची विसरला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याला तीन जणांनी विचारलं, की बबनभाऊ, काल तुमचा लाल पहिलवान काहून एवढा मार खाऊन राह्यलता? दुसरा कोणी असता तर लाजला असता. काका धावत घरी आला आणि म्हणाला, लोक पाहून राह्यले.

अशी ती वाहिनी सुरू झाली. काकानं पुठ्ठ्यावर रंगानं ‘विजय क्रीडा वाहिनी’ असं भारदस्त नाव लिहिलं आणि पहिल्या दिवशी टीव्हीवरून ते वाचूनही दाखवलं. गावानं त्याच संध्याकाळी तिला ‘ट्यांव-ट्यांव’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच राहिलं. दुपारचा पिक्चर संपला की चार ते सहा या वेळेत सामने. ज्याला खेळायचं त्यानं आमच्या घरी यायचं, बाहेर चपला काढायच्या, पाणी प्यायचं, कापसाच्या खोलीत सतरंजीवर बसायचं. काका लग्नाच्या मांडवातला जुना माइक घेऊन आला आणि त्यात बोलायला कोण, तर मी. मी तेव्हा अकरावीत होते, आणि आमच्या घरात माझ्या आवाजाची ख्याती अशी, की शेतात बाबांना हाक मारायची असली तर मला गच्चीवर पाठवायचे. माइकला सुतळी बांधून तो माझ्या गळ्यात अडकवला. तो गळ्यात पडला आणि माझं डोकं जे वर गेलं ते पुढे अडीच महिने खाली आलं नाही.

गंमत अशी, की लोक खरंच बघायचे. बायका सुपात डाळ निवडत बघायच्या, न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी करून गिऱ्हाईक थांबायचं. पडद्यावर चेहरे दिसत नसत, फक्त ते दोन पहिलवान आणि माझा आवाज. मी नावं ठेवायची, चिडवायची, लाल पहिलवानाच्या सासरची माहिती द्यायची. आणि खेळायचीही मीच. जो जिंकेल त्यानं शेवटी घरच्या खेळाडूशी खेळायचं, असा नियम मीच केला होता, आणि घरची खेळाडू अर्थातच मी. म्हणजे खेळणारी मी, बोलणारी मी, स्वतःला शाबासकी देणारीही मी. आता हे लिहितानासुद्धा मला त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. कॉलेजात सुट्टीतही जादा तास होते, तिकडे जाताना मी बाजारातून मुद्दाम सावकाश चालायची. वहीच्या मागच्या पानावर सही करण्याची तालीम केली होती, ‘छाया’मधल्या ‘या’ला शेपूट काढून. त्या आख्ख्या उन्हाळ्यात माझी सही मागितली एकट्या पोस्टमननं, रजिस्टर पत्र होतं म्हणून.

सुरुवातीला मी बरी खेळायचे, बरीच म्हणायची. कधी जिंकायचे, कधी हरायचे. मग आंब्याचे दिवस आले. आमच्याकडे रस म्हणजे पातेल्यानं, सोबत आईच्या हातच्या शेवया, आणि जेवताना टीव्हीसमोर बसायचं नाही हा आईचा नियम. तो मोडून मी एका दुपारी रसाची वाटी सतरंजीवर नेली आणि खेळायच्या दोन रिमोटांपैकी एक अख्खा वाटीत पडला. मी घाबरून तो मोरीत नेला आणि कपड्याच्या साबणानं स्वच्छ धुतला. हसू नका, मशीन पाण्यानं धुवायचं नसतं हे तेव्हा मला कोण सांगणार होतं? उन्हात वाळवला, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. असा लखलखला की नवा वाटावा. फक्त त्याचं उडीचं बटन गेलं. चारदा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. दुसरा रिमोट मात्र कळकट, त्याच्या वायरीला पांढरी पट्टी गुंडाळलेली, आणि तो अगदी ठणठणीत.

काकाला सांगायला हवं होतं. सांगणारच होते. पण त्याच संध्याकाळी किराणावाले गजूभाऊ खेळायला आले, आणि मी काही बोलायच्या आत आई दारातून म्हणाली, अगं, पाहुण्याले चांगला दे, तो जुना तू घे. मी दिला. गजूभाऊ तीन वेळा आडवे झाले. माझ्या लक्षात आलं की मी काहीच केलेलं नाही, नुसती चांगली वागले आहे. त्यानंतर मी फार चांगली वागायला लागले. येईल त्याच्यापुढे तो लखलखीत रिमोट दोन्ही हातांनी धरायची, की घ्या, नवा घ्या, मी जुन्यावर भागवते. मास्तर आले, आडवे झाले. न्हावी आला, आडवा झाला. गावात म्हणायला लागले की पोट्टी खेळते बी वाघिणीसारखी अन् पाहुण्याचा मान बी ठेवते. मी मान खाली घालायची. त्या खाली घातलेल्या मानेची मला आज सर्वात जास्त लाज वाटते.

आणि मग शोभा आली. शोभा माझ्याच वर्गातली, आमच्या मागच्या घरात राहणारी. लहानपणी चुलीवरचा गुळाचा पाक तिच्या उजव्या हातावर सांडला होता, तेव्हापासून अंगठा आखडलेला, पूर्ण वाकत नसे. हात ती नेहमी ओढणीखाली ठेवायची. पण त्या उन्हाळ्यात तिनं शिवणक्लास लावला होता आणि अंगठा जरा मोकळा झाला असं म्हणत होती. एका दुपारी घरी कोणी नसताना तिनं पट्टीवाल्या रिमोटवर मला हरवलंही होतं, रस सांडायच्या आधी. उडी तर अशी मारायची की माझी लाथ कायम खालूनच जायची. म्हणून ती गावासमोर खेळायला आली, केसांना तेल लावून, चांगला ड्रेस घालून. मी तिलाही तो लखलखीत रिमोट दिला. एक क्षण थांबले होते हे आठवतं. मग दिला. तिचा निळा पहिलवान जमिनीला खिळल्यासारखा उभा राहिला आणि दर लाथेला आडवा झाला. आणि मी, गळ्यात माइक, गावाला हसवायची चटक लागलेली, बोलून गेले, “शोभाचा अंगठा आज गावाले गेला वाटते. वापस आला की सांगू.”

पानठेल्यावर हशा पिकला तो आमच्या खोलीपर्यंत ऐकू आला. शोभानं रिमोट खाली ठेवला, हात ओढणीखाली घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती माझ्या शेजारी न बसता दुसऱ्या बाकावर बसली. मी स्वतःला सांगितलं, हरण्याची सवय नाही हिला.

वाहिनीची कीर्ती उमरखेडपर्यंत गेली ती माझ्या ताईमुळे. ताईचं तिथे सासर. तिचे यजमान, आमचे भाऊजी, कचेरीत कारकून, बोलायला गोड आणि वागायला त्याहून गोड. तो अधिक महिना होता, धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, न्हाऊ घालायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे. सकाळपासून घर तुपाच्या वासानं भरलं होतं, आई कुरडया तळत होती आणि ताई पलंगावर पाय सोडून बसली होती, जावयाची बायको म्हणून. काकानं आठ दिवस आधीपासून वाहिनीवर जाहीर केलं होतं की धोंड्याच्या दिवशी उमरखेडचे जवाई विरुद्ध ढाणकीची छाया. त्या दुपारी बाजारात चिटपाखरू नव्हतं म्हणतात. सगळे टीव्हीसमोर.

मी गळ्यात माइक अडकवला, बसले आणि नेहमीसारखा लखलखीत रिमोट दोन्ही हातांनी पुढे केला.

“घ्या भाऊजी, नवा घ्या.”

“छे छे, नवा तुम्ही घ्या, छायाबाई. आम्हाला जुनं चालते.”

“असं कसं? तुम्ही जवाई.”

“जवाई आहो म्हणूनच म्हणतो. लहान साळीच्या हातातलं चांगलं काढून घेऊ का मी?”

आई पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, घ्या ना जवाईबापू, मान आहे तुमचा. भाऊजींनी हात पाठीमागे नेले. मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी परत ठेवला. जेवणाच्या पंगतीत शेवटच्या पोळीवरून होतो तसला आग्रह आम्ही गावासमोर पाच मिनिटं केला, आणि पडद्यावर ते दोन पहिलवान नुसते श्वास घेत उभे. शेवटी भाऊजींनी पट्टीवाला रिमोट उचलून सरळ छातीशी धरला आणि काकाला म्हणाले, करा चालू. आईनं कौतुकानं मान हलवली, की किती संस्कारी. आता मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की तो मला द्या?

खेळ सुरू झाला. भाऊजींना खेळता येत नव्हतं, ठोसा कुठला नि उडी कुठली हेही त्यांना कळत नव्हतं. पण आडवी लाथ त्यांना सापडली, आणि एकदा सापडली ती त्यांनी सोडली नाही. मी बटन दाबत होते, दाबत होते. माझा पहिलवान तसाच उभा. ट्यांऽऽव. पुन्हा उभा. ट्यांऽऽव. समोरच्या गच्चीवरून कोणी तरी ओरडलं, छायाले काय झालं आज? घामानं माझे हात निसटायला लागले. तिसऱ्यांदा पडले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “अहो पण याचं उडीचं बटन लागतच नाही ना!”

माइक गळ्यातच होता. वाक्य खोक्यातून गेलं, वायरीतून गेलं, घराघरात गेलं. मग किराणा दुकानाच्या दिशेनं गजूभाऊंचा आवाज आला, शांतपणे विचारल्यासारखा: “म्हंजे आमच्या वक्ती बी लागत नव्हतं का व?”

काका माझ्याकडे वळला. मग एवढंच विचारलं, “कधीपासून?”

“रस सांडला तेव्हापासून.”

त्यानं माझ्या गळ्यातली सुतळी काढून घेतली आणि माइकात बोलला. काय बोलला ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणाला, “ऐकलं असन सगळ्यांनी. आंब्याच्या दिवसांपासून जे जे हरले त्यांनी उद्यापासून या. तुमी चांगल्यावर खेळा. पोट्टी या खराबवर खेळन.” मग वाहिनी बंद करून मला म्हणाला की लबाडी घरात राह्यली असती तर एक वेळ चाललं असतं, तू ती वायरनं घरोघर पोचती केली. ताई रडायला लागली, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. भाऊजींनी मात्र नऊ धोंडे खाल्ले आणि दहाव्याला नाही म्हणाले नाहीत.

पुढचे आठ दिवस म्हणजे वाहिनीचा सुवर्णकाळ. मी रोज चार ते सहा हरायची आणि आख्खं गाव बघायचं. गजूभाऊ सहकुटुंब आले. मास्तर आले आणि मला आडवी करून म्हणाले, बेटा, फळ मिळतेच. न्हाव्यानं दुकानावर पाटी लावली की चार वाजता बंद. आई प्रत्येकाला चहा देत होती आणि मान वर करत नव्हती. माइक काकाकडे, तो फक्त नाव आणि निकाल सांगायचा. मला वाटलं होतं मी लाजेनं मरेन, पण खरं सांगते, चौथ्या दिवसापासून मला हसू यायला लागलं. हरणं इतकं सोपं असतं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग सगळे जिंकून झाले आणि एका दिवसात गावाचा रस संपला. बघायला उरलंच काय? महाराणीच आडवी झाली. बायकांनी काकाला निरोप पाठवला की ते ट्यांव-ट्यांव काढा अन् त्या जागी आणखी एक पिक्चर लावा. काका म्हणाला, लावतो, पण एक जण राहिलं. शोभा. ती आलीच नव्हती. ती येईतो बंद नाही करायचं, असं त्यानं ठरवलं. तीन दिवस वाहिनीवर काहीच नव्हतं. कोणी चॅनल बदलताना तिथे आलं तर दोन पहिलवान समोरासमोर उभे, श्वास घेत, आणि कोणी खेळत नाही. तिसऱ्या दिवशी काकानं मला नुसतं मागच्या घराकडे बोट दाखवलं.

शोभा अंगणात तूर निवडत होती, डाव्या हातानं. मी वाटेत मोठं भाषण जुळवलं होतं, त्यात ‘मैत्री’ हा शब्द चार वेळा होता. ती म्हणाली, बस. मी बसले आणि सगळं भाषण विसरले. विचारलं, क्लासला गेली नाही का आज? म्हणाली, सोडला. कधी? त्याच दिवसापासून. मी म्हटलं, पण बटनच खराब होतं, तू ऐकलं नाही का? ऐकलं होतं तिनं. पण हरल्यावर लोक काहीही बोलतात, असं तिला वाटलं. मग तुरीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, “मले वाटलं अंगठ्यातच दोष हाये. क्लासच्या बाईले म्या सांगून टाकलं, माह्यानं नाही होत म्हून.”

मीही तुरीतले दोन खडे वेचले. उठताना एवढंच म्हटलं, उद्या चारला ये. जिंकू नको, हरू नको, पण ये.

ती आली. उभीच राहिली. काकानं पट्टीवाला रिमोट पुढे केला आणि माइक माझ्या गळ्यात परत अडकवला. शोभा म्हणाली, तो नाही, आधी तो दे. लखलखीत. मी दिला. तिनं ओढणीखालून उजवा हात काढला आणि उडीचं बटन दाबलं. निळा पहिलवान हलला नाही. परत दाबलं. परत नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा कुठं त्यानं टाचा उचलल्या. तिनं एकदा रिमोटकडे बघितलं, एकदा अंगठ्याकडे. मग तो खाली ठेवला. काकानं मशीनला दोन्हींच्या वायरी आलटून लावल्या, आणि निळ्यासाठी तिनं पट्टीवाला उचलून दाबलं. पहिलवान उडाला. दाबलं. उडाला. माझा लाल पहिलवान समोर नुसता उभा होता, मी बटनाला हातही लावला नाही. ती खेळली नाहीच. नुसती दाबत राहिली आणि तो उडत राहिला, किती तरी वेळ, गावात जो कोणी बघत असेल त्याच्यासमोर. काकानं मला खूण केली, बोल काही तरी. मी माइक हातानं झाकला. आई चहाचा कप घेऊन दारात थांबली होती, तीही आत आली नाही.

शेवटी शोभा म्हणाली, “झालं. साडेचारले क्लास हाये माहा,” आणि रिमोट ठेवता ठेवता एकदा आणखी दाबलं. काकानं खोकं बंद केलं तेव्हा निळा पहिलवान हवेतच होता.